विज्ञानाचे दार आतून बंद करू नका

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये आनंदाला उधाण येते. गुणवंत मुलामुलींचे फोटो विहारासमोरच्या फलकावर झळकतात. मंडळे सत्कार करतात, पुढारी पेढे भरवतात, ध्वनिक्षेपकावरून शिक्षणाच्या महतीची भाषणे होतात. हे सर्व योग्यच आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने आपल्या लेकरांच्या यशाचा उत्सव करायचा नाही तर कोणी करायचा? परंतु सत्काराचा हार गळ्यातून उतरत नाही तोच त्या मुलापुढे एक प्रश्न उभा राहतो. अकरावीला कोणती शाखा घ्यायची? विज्ञान घेतले तर गणित ठेवायचे की जीवशास्त्र? या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस सत्काराच्या व्यासपीठावर नसतो. मग पंधरा-सोळा वर्षांचे मूल सायबर कॅफेत बसून, फॉर्म भरून देणाऱ्याच्या सल्ल्याने दहा मिनिटांत तो प्रश्न सोडवून टाकते. त्या दहा मिनिटांत पुढच्या चाळीस वर्षांची दारे उघडतात किंवा बंद होतात.

आपल्या समाजाला विषयनिवडीचा इतिहास नवा नाही. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही, असे सांगण्यात आले आणि त्यांना पर्शियन घ्यावे लागले. त्या पर्शियनमध्ये त्यांनी उत्तम गुण मिळवले आणि संस्कृतही पुढे स्वतःच्या कष्टाने शिकून घेतले. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घेतो का? शाळेत कोणता विषय कोणाला द्यायचा, हे ठरवण्याची सत्ता ही ज्ञानावरची सत्ता असते. त्या काळी ती सत्ता उघडपणे 'नाही' म्हणत होती. आज राज्यघटना आहे, कायदा आहे, त्यामुळे 'नाही' कोणी म्हणत नाही. आज एवढेच म्हटले जाते, "तुला झेपणार नाही रे, कशाला विज्ञान घेतोस? आर्ट्स घे, एमपीएससी कर." सांगणारा कधी कधी मनापासून सांगतो. पण तेच गुण असलेल्या दुसऱ्या घरातील मुलाला तो असे सांगतो का, हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी स्वतःला विचारला पाहिजे. विषय नाकारण्याचा काळ गेला. विषय आपल्याच हाताने सोडायला लावण्याचा काळ आला आहे.

बाबासाहेबांनी या बाबतीत काय सांगितले होते? २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन गव्हर्नर जनरलना सादर केले. त्यातील शिक्षणाचा भाग आजही मुळातून वाचावा असा आहे. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले. हे शिक्षण महाग असल्याने आमची मुले ते घेऊ शकत नाहीत, म्हणून सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशी शिक्षणासाठी मदत करावी, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या तरुणांना उमेदवारी द्यावी, अशा मागण्या त्यांनी केल्या. लक्षात घ्या, हे मांडणारे बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, अर्थशास्त्राचे पंडित होते. तरीही समाजाला विज्ञान हवे, हे त्यांनी ओळखले होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. त्या प्रयोगशाळा त्यांनी शोभेसाठी उभारल्या नव्हत्या.

आता प्रत्यक्ष विषयांकडे येऊ. कारण प्रेरणेची भाषणे आपल्याकडे पुष्कळ होतात, माहिती कोणी देत नाही.

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीची असते. त्याबरोबर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र म्हणजे फिजिक्स आणि केमिस्ट्री बहुतेक सर्वच मुले घेतात. खरा निर्णय पुढे असतो. गणित घेणारा गट म्हणजे पीसीएम, जीवशास्त्र घेणारा गट म्हणजे पीसीबी आणि दोन्ही ठेवणारा गट म्हणजे पीसीएमबी. उरलेल्या जागी मराठी-हिंदीसारखी भाषा, आयटी किंवा भूगोलासारखा विषय येतो. काही महाविद्यालयांत संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र असे २०० गुणांचे द्विलक्षी विषय असतात. द्विलक्षी विषय दोन विषयांची जागा घेतो, म्हणून तो घेतला की गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायला जागा उरत नाही. ही गोष्ट प्रवेशाच्या खिडकीवर कोणी समजावून सांगत नाही.

कोणत्या गटाने कोणते दार उघडते? अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, मर्चंट नेव्ही, एनडीएतून हवाई दल आणि नौदल, संख्याशास्त्राची पदवी यांना गणित लागते. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग, पशुवैद्यक यांना जीवशास्त्र लागते. औषधनिर्माणशास्त्र म्हणजे फार्मसी आणि कृषी पदवी यांना दोन्ही गटांतून जाता येते. राज्याची सीईटी पीसीएम आणि पीसीबी अशा दोन स्वतंत्र गटांची असते आणि दोन्ही विषय घेतलेला विद्यार्थी दोन्ही गटांची परीक्षा देऊ शकतो. मूलभूत विज्ञानात संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलांसाठी पुण्यात २००६ साली आयसर ही संस्था सुरू झाली. अशा सर्व आयसर संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात. आपल्या किती घरांत हे नाव पोहोचले आहे?

यातून एक साधा नियम निघतो. ज्या मुलाला गणित बऱ्यापैकी जमते त्याने केवळ 'आपल्याला डॉक्टर व्हायचे आहे' म्हणून गणित सोडू नये आणि ज्याला इंजिनिअर व्हायचे आहे त्याने शक्य असेल तर जीवशास्त्रही ठेवावे. पंधराव्या वर्षी ठरवलेले अठराव्या वर्षी बदलू शकते. नीट परीक्षेत थोडक्यात संधी हुकलेल्या पीसीबीच्या मुलापुढे अभियांत्रिकीचे दार बंद असते. मग तो एक वर्ष, दोन वर्षे रिपीट करत बसतो. घरचे कर्ज वाढते, मुलाचा आत्मविश्वास खचतो. गणित हाती असते तर त्याच वर्षी दुसरी वाट धरता आली असती. नंतर विषय जोडण्याची सोय आहे, हे खरे. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. पण त्यासाठी वर्ष खर्ची पडते. ज्याच्या घरी वर्ष खर्च करायची ऐपत आहे त्याच्यासाठी ती सोय आहे. आपल्या घरात वर्षाची किंमत फार मोठी असते.

मात्र हा नियम डोळे झाकून लावू नका. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. विषयनिवडीलाही हाच उपदेश लागू आहे. मुलाचा एकूण टक्का पाहून विज्ञान घेऊ नका. २०१० पासून राज्य मंडळाच्या दहावीत सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी काढली जाते. म्हणजे ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलाचे गणिताचे गुण त्या टक्केवारीत मोजलेच गेले नसतील, असेही होऊ शकते. गुणपत्रिकेत गणित आणि विज्ञान या दोनच ओळी आधी पाहा. मुलाला बीजगणित येते का, समीकरण मांडता येते का, की सोडवलेली उदाहरणे पाठ केली आहेत, हे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. गणित खरोखरच कच्चे असेल आणि जीवशास्त्राची आवड असेल तर पीसीबी घेण्यात काहीच कमीपणा नाही. अकरावीला नापास होणे हे त्याहून वाईट. पण कच्चेपणा शिकवण्यातल्या त्रुटीमुळे असेल आणि मूल कष्टाळू असेल, तर उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत बराच पाया भरून काढता येतो. 'येत नाही' आणि 'शिकवले नाही' यांतला फरक ओळखा.

दुसरा अडसर भाषेचा आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या मराठी शाळेत 'प्रकाशसंश्लेषण' शिकलेले मूल अकरावीत 'फोटोसिंथेसिस' ऐकते आणि आपल्याला काहीच येत नाही, असे समजते. त्याला विज्ञान येत असते, फक्त शब्द ओळखीचे नसतात. म्हणून विज्ञान शाखेचा निर्णय दहावीनंतर नव्हे, पाचवी-आठवीत सेमी-इंग्रजीचा प्रश्न येतो तेव्हापासून सुरू होतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सर्व मराठीतून, ही सेमी-इंग्रजीची पद्धत आपल्या मुलांसाठी उपयोगी आहे, जर शिकवणारे शिक्षक खरोखर असतील तर. ज्यांची ती वेळ निघून गेली त्यांनी दहावीच्या सुट्टीत एक काम करावे. बालभारतीची दहावीची विज्ञानाची पुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतात आणि संकेतस्थळावर मोफत मिळतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून एकेक धडा वाचावा, शब्दांची वही करावी. अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत जी मुले गळतात त्यांतली कितीतरी या एका वहीने वाचतील. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात, सीईटीतही गणित वगळता अन्य विषयांना मराठीचा पर्याय असतो. पण बारावीपर्यंतचे विज्ञान इंग्रजी पुस्तकांतून शिकून परीक्षा मराठीतून द्यायची का, याचा विचार आधीच करून ठेवावा.

तिसरी गोष्ट महाविद्यालय निवडण्याची. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. खेड्यातल्या मुलालाही आता पसंतिक्रम भरावा लागतो. त्यात महाविद्यालयाचे नाव पाहून चालत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत सामाजिक आरक्षण लागू नसते, हे फॉर्म भरण्याआधी माहीत हवे. प्रयोगशाळा आहे का, गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षक आहेत का, हे पाहिले पाहिजे. बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. कित्येक ठिकाणी ते ३० गुण प्रयोग न करताच वाटले जातात आणि मुले खूश होतात. हा आनंद फसवा आहे. परीक्षानळी हातात न धरता बारावी झालेले मूल पदवीच्या प्रयोगशाळेत गेले की गांगरते. प्रयोगाचे गुण फुकट मिळाले, म्हणजे शिक्षण चोरीला गेले!

आणि ज्या महाविद्यालयात वर्ग भरतच नाहीत, हजेरी महाविद्यालयात आणि शिकवणी खासगी क्लासमध्ये, त्या 'इंटिग्रेटेड' प्रकाराबद्दल काय बोलावे? लाखाच्या घरातील फी भरणाऱ्यांसाठी ती सोय आहे. ज्याला क्लास परवडत नाही त्याच्यासाठी तिथे फक्त रिकामी बाके असतात. प्रवेश परीक्षांनी ही दरी वाढवली आहे. न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ साली तामिळनाडू सरकारला दिलेल्या अहवालात दाखवले की, नीट लागू झाल्यानंतर तेथील वैद्यकीय प्रवेशांत ग्रामीण, तमिळ माध्यमाच्या आणि सरकारी शाळांच्या मुलांचा वाटा घसरला. महाराष्ट्रातील परिस्थिती याहून निराळी असेल असे मानायला काही आधार नाही. परीक्षा बदलण्याचा लढा चालूच ठेवला पाहिजे. पण लढा चालू असताना आजच्या मुलाने आजची परीक्षा दिली पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नीट आणि जेईईचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवर उभा आहे आणि तीही मोफत उपलब्ध आहेत. दुसरे म्हणजे अकरावी ही विश्रांतीचे वर्ष नाही. नीट-जेईईत दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो, सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. बारावीच्या बोर्डाकडे दुर्लक्षही नको. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना बारावीत ६५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

आता एका धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातील एक प्रस्ताव चर्चेत आला. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याला पुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर द्यावा, असा तो विचार आहे. केवळ गणितामुळे नापास होऊन मुले शाळा सोडतात, ती गळती थांबावी, असे त्याचे समर्थन केले गेले. गळती थांबलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर पडेल? ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच नाही त्या शाळेतील मुलांच्या. म्हणजे आदिवासी पाड्यातल्या, तांड्यावरच्या आणि आपल्या वस्तीतल्या मुलांच्या. शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनाची, ती पार पाडली नाही त्याची शिक्षा मात्र मुलाच्या गुणपत्रिकेवर! यापूर्वीही राज्य मंडळात काही वर्षे बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेण्याची सोय होती. सोपे म्हणून ते घेतलेल्या मुलाला पुढे गणित घेऊन विज्ञान शिकण्याची वाट उरत नव्हती. केंद्रीय मंडळानेही २०२० च्या परीक्षेपासून गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन प्रकार केले. सोपा विषय दयाळूपणाने पुढे केला जातो तेव्हा त्याच्या मागे कोणते दार बंद होते आहे, हे पाहायला शिकले पाहिजे. घटनेचे ४६ वे कलम अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जपण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते. शेरा मारून वाट अडवणे ही विशेष काळजी नव्हे. ज्याला ३५ मिळाले नाहीत त्याला शिकवा, पुन्हा परीक्षा घ्या, पण कपाळावर शिक्का मारू नका.

वकिली व्यवसायात असल्याने आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. विज्ञान शाखा घेणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी अकरावीतच कागदपत्रांची फाईल करावी. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात २००१ च्या अधिनियम क्रमांक २३ नुसार ही पडताळणी होते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयामार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची प्रवेशाची मुदत निघून जाते आणि हातातली जागा जाते, हे दरवर्षी घडते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे असतात. आजोबा-पणजोबांचा शाळेच्या रजिस्टरमधील उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद गावी जाऊन आताच काढून ठेवा. आपण धर्म बौद्ध लिहितो, तो आपला स्वाभिमान आहे आणि त्यात तसूभरही तडजोड नाही. परंतु बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या आणि आयआयटी, एम्ससारख्या केंद्रीय संस्थांसाठी पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातीची नोंद असलेला केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. राज्याचा दाखला वेगळा, केंद्राचा वेगळा, हे ध्यानात असू द्या.

पैशाअभावी विज्ञान सोडू नका. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून जास्त असले तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फ्रीशिपखाली शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत आहे. दहावीत ७५ टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांना अकरावी-बारावीत राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळते. दरमहा ३०० रुपये ही रक्कम आजच्या महागाईत हास्यास्पद आहे आणि ती वाढवण्याची मागणी केली पाहिजे, पण हक्काचे पैसे सोडू नयेत. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अकरावीपासून लागू आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये अशी तिची रचना आहे. बार्टीतर्फे जेईई-नीटच्या पूर्वतयारीसाठीही योजना राबवली जाते, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि एक सावधगिरी बाळगा. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही आणि अभिमत विद्यापीठांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आरक्षण नसते. दलालाच्या गोड बोलण्याला भुलून घर गहाण टाकू नका.

हे सर्व वाचून प्रत्येक मुलाने विज्ञानच घ्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. समाजाला वकील हवेत, पत्रकार हवेत, अर्थशास्त्रज्ञ हवेत, कलावंत हवेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही चांगली आहे. लवकर कमावते व्हायचे असलेल्या मुलाने तिचा जरूर विचार करावा. मुलीला हुशार असूनही 'लांब पडते, खर्च येतो' म्हणून जवळच्या आर्ट्स कॉलेजात घालणारे घर मात्र स्वतःला आंबेडकरी म्हणवू शकत नाही. मुद्दा निवडीचा आहे. माहिती असून आर्ट्स घेणे ही निवड आहे. माहिती नसल्याने, भीतीने, कोणाच्या तरी 'झेपणार नाही'ने आर्ट्स घेणे ही निवड नव्हे, ती हकालपट्टी आहे. आणि हेही लक्षात ठेवा की, विज्ञान घेतलेले मूल बारावीनंतर कला, वाणिज्य, कायदा कुठेही जाऊ शकते. कला शाखेतून विज्ञानाकडे परत येता येत नाही. हे दार एकाच बाजूने उघडते.

शेवटचा प्रश्न चळवळीला आहे. जयंतीला डीजेवर किती खर्च होतो, याचा हिशेब प्रत्येक मंडळाकडे असतो. वस्तीतली किती मुले यंदा अकरावी विज्ञानाला गेली, त्यांतली किती बारावीपर्यंत टिकली, किती जणांनी गणित सोडले, याचा हिशेब किती मंडळांकडे आहे? प्रत्येक विहारात एक वही ठेवा आणि हा हिशेब लिहा. निकालाच्या आठवड्यात सत्कारासोबत विषयनिवडीचा मेळावा घ्या आणि व्यासपीठावर पुढाऱ्यांऐवजी वस्तीतून शिकून गेलेला इंजिनिअर, नर्स, बीएस्सी झालेली मुलगी, बँकेतला अधिकारी यांना बसवा. आठवी-नववीच्या मुलांसाठी रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास बीजगणिताचा वर्ग चालवा. नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी समाजाचे ऋण फेडायचे असेल तर याहून सोपा मार्ग नाही. आणि परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयात गणिताच्या शिक्षकाची जागा रिक्त असेल, प्रयोगशाळेला कुलूप असेल, वसतिगृहाच्या जागा रिकाम्या ठेवल्या जात असतील, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज टाका. उत्तर आले की ते घेऊन शिक्षण उपसंचालकांच्या दारात बसा. पुतळ्यासाठी आपण रस्त्यावर येतो, ते यायलाच हवे. प्रयोगशाळेसाठीही यायला शिकले पाहिजे.

बाबासाहेबांना ज्यांनी संस्कृत नाकारले त्यांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. बाबासाहेबांच्या वेळी दार बाहेरून बंद होते आणि ते त्यांनी ढकलून उघडले. आज बाहेरची कडी पुष्कळशी सैल झाली आहे. आतली कडी आपणच, अज्ञानाने आणि भीतीने, लावून घेत नाही ना, हे येत्या जूनमध्ये प्रत्येक घराने तपासावे. फॉर्म भरण्याआधी मुलाजवळ बसा, त्याचे म्हणणे ऐका, जाणकाराला विचारा आणि मगच विषय लिहा.

जय भीम!